लघवीतल्या अफूचा शोध : एका चाचणीचा इतिहास

अफूतले मॉर्फीन, मॉर्फीनपासून केलेले हेरॉइन, खोकल्याच्या औषधातले कोडीन आणि कारखान्यात रसायनांपासून बनवलेले फेंटानिल या साऱ्यांना मिळून ओपिऑइड म्हणतात. यांतली बरीच द्रव्ये रक्तात फार काळ टिकत नाहीत. हेरॉइनचे तर काही मिनिटांतच ६-मोनोॲसिटिलमॉर्फीन आणि त्याचे पुढे मॉर्फीन होते. यकृत या मॉर्फीनला ग्लुकुरोनिक आम्ल जोडून ते पाण्यात सहज विरघळेल असे करते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. मूत्रपिंडे पाणी परत शोषून घेतात, त्यामुळे लघवीत या द्रव्यांचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा पुष्कळ वाढते. रक्तात काही तासांनी सापडेनासे होणारे मॉर्फीन लघवीत साधारण दोन-तीन दिवस सापडते. शिवाय सुई न टोचता भरपूर नमुना मिळतो. म्हणूनच ओपिऑइडचा वापर ताडून पाहण्यासाठी गेली साठेक वर्षे जगभर प्रामुख्याने लघवीच तपासली जाते. ही तपासणी विषप्रयोगाच्या खटल्यांतल्या रसायनशास्त्रातून निघाली आणि दवाखाना, लष्कर, कारखाना व न्यायालय अशा वाटेने आजच्या रूपाला आली.

रंगांची साक्ष

फ्रीडरिश झेर्ट्युर्नर या जर्मन औषधविक्याच्या तरुण मदतनिसाने १८०५ च्या सुमारास अफूतून मॉर्फीन वेगळे केले. वनस्पतीतून शुद्ध स्वरूपात मिळालेले हे पहिले अल्कलॉइड. १८३२ मध्ये फ्रान्सच्या पिएर रोबिके यांनी कोडीन शोधले. लंडनमध्ये ॲल्डर राइट यांनी १८७४ मध्ये मॉर्फीनपासून प्रथम जे संयुग बनवले, तेच १८९८ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने ‘हेरॉइन’ या नावाने बाजारात आणले. औषध म्हणून मॉर्फीन जितके सहज मिळू लागले, तितकेच ते विष म्हणूनही हाताशी आले. विषप्रयोग झाला असेल तर ते प्रेतात सापडायला हवे होते. पण धातूच्या विषांप्रमाणे वनस्पतिजन्य विषे शोधण्याची रीत तोवर नव्हती. बेल्जियमच्या झाँ स्तास यांनी १८५० मधल्या एका खून प्रकरणात ती बसवली. आम्ल आणि अल्कोहोल वापरून त्यांनी मृताच्या अवयवांतून निकोटीन वेगळे केले. जर्मनीच्या फ्रीडरिश ओटो यांनी सुधारलेली ही स्तास-ओटो पद्धत पुढे कित्येक दशके विषशास्त्राचा पाया राहिली.

वेगळा केलेला अर्क मॉर्फीनच आहे हे ठरवण्यासाठी रंगांचा आधार घेतला जाई. एडुआर्ड मार्किस यांनी १८९६ मध्ये, आजच्या एस्टोनियातल्या तार्तू येथे, फॉर्माल्डिहाइड आणि तीव्र गंधकाम्ल यांचे मिश्रण सुचवले. अफूतली अल्कलॉइडे त्यात पडली की जांभळा रंग येतो. जप्त केलेल्या पुडीची जागेवर परीक्षा करण्यासाठी पोलीस आजही हे मिश्रण वापरतात.

मात्र असा रंग एकट्या मॉर्फीनचा नसतो. न्यूयॉर्कचे डॉ. रॉबर्ट ब्युकॅनन यांच्यावर पत्नीला मॉर्फीन देऊन मारल्याचा खटला १८९३ मध्ये चालला. मॉर्फीनने बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. ती खूण लपवण्यासाठी त्यांनी डोळ्यांत ॲट्रोपीन घातल्याचा आरोप होता. सरकारी तज्ज्ञांनी रंगपरीक्षांचे निकाल सादर केले. प्रेत कुजताना तयार होणारी द्रव्येही तसेच रंग देतात, असा मुद्दा बचाव पक्षाने लावून धरला. ब्युकॅनन दोषी ठरले आणि १८९५ मध्ये त्यांना मृत्युदंड झाला, पण त्या उलटतपासणीतला प्रश्न मागे उरला. चाचणीला मिळालेला प्रतिसाद त्या एकाच द्रव्याचा आहे की त्याच्यासारख्या दुसऱ्या कशाचा? पुढच्या प्रत्येक पद्धतीला या प्रश्नाला तोंड द्यावे लागले.

जिवंत माणसाची तपासणी

अमेरिकेत १९१४ च्या हॅरिसन कायद्याने अफूजन्य औषधांच्या व्यवहारावर सरकारी नियंत्रण आले. १९३५ मध्ये केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथे व्यसनी कैदी आणि स्वेच्छेने आलेले रुग्ण यांच्यासाठी सरकारी संस्था सुरू झाली. आता प्रेताऐवजी जिवंत माणसाने अलीकडे अफूजन्य द्रव्य घेतले आहे का, हे ठरवायचे होते. इंजेक्शनचे व्रण आणि बारीक झालेल्या बाहुल्या हीच तोवरची लक्षणे. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात परिवीक्षेवर सुटलेल्या व्यसनींसाठी नॅलॉर्फीनची चाचणी सुरू झाली. मॉर्फीनविरोधी असलेल्या या औषधाचे इंजेक्शन देत आणि आधीची व नंतरची बाहुली मोजत. नियमित हेरॉइन घेणाऱ्याची बाहुली मोठी होई; न घेणाऱ्याची उलट लहान होई. ही चाचणी अंदाज देई, पण द्रव्याचे नाव सांगत नसे, आणि तपासल्या जाणाऱ्या माणसाला सुई टोचून औषध द्यावे लागे.

लघवीकडे वळायला मदत झाली ती क्रोमॅटोग्राफीची. १९४१ मध्ये इंग्लंडचे आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी मिश्रणातले घटक वेगळे करण्याची नवी रीत मांडली आणि १९५२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीच्या एगॉन श्टाल यांनी काचेवर सिलिकाचा पातळ थर देऊन केलेली पद्धत रूढ केली. लघवीतून काढलेल्या अर्काचा ठिपका काचेच्या खालच्या कडेजवळ ठेवायचा आणि ती कड द्रावकात बुडवायची. द्रावक वर चढताना प्रत्येक द्रव्य आपापल्या गतीने पुढे सरकते. मग आयोडोप्लॅटिनेट फवारले की ठिपके उमटतात. ठिपक्याची उंची आणि त्याचा रंग अशा दोन खुणा एकत्र मिळाल्याने नुसत्या रंगापेक्षा पुरावा भक्कम झाला.

या तंत्राला मोठे काम मिळाले ते उपचारांत. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वाँडर यांनी १९६४ मध्ये हेरॉइनच्या व्यसनींना रोज तोंडावाटे मेथाडोन हे कृत्रिम ओपिऑइड द्यायला सुरुवात केली. मेथाडोन घेणारा रुग्ण बाहेरून हेरॉइनही घेतो का, हे कळणे आवश्यक होते. डोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये आयन-विनिमय राळ भरलेला कागद लघवीत बुडवून द्रव्ये गोळा करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मोठ्या संख्येने नमुने तपासणे त्यामुळे शक्य झाले. त्या काळी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरच्या हेरॉइनमध्ये क्विनीनची भेसळ असे. म्हणून अतिनील प्रकाशात चमकणारे क्विनीनही प्रयोगशाळा शोधत आणि त्यावरून हेरॉइनचा तर्क करत. तेव्हा या तपासणीचा हेतू रुग्णाला औषधाची मात्रा पुरते का, हे डॉक्टरला कळावे असा होता. शिक्षेचा हेतू तिला लवकरच येऊन चिकटला.

व्हिएतनाम

१९७१ च्या मे महिन्यात रॉबर्ट स्टील आणि मॉर्गन मर्फी या अमेरिकी प्रतिनिधींनी अहवाल दिला की व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैनिकांपैकी १० ते १५ टक्के हेरॉइनच्या आहारी गेले आहेत. १७ जूनला अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी अमली पदार्थांचा गैरवापर हा देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू असल्याचे जाहीर केले आणि शिकागोचे मानसोपचारतज्ज्ञ जेरोम जॅफी यांना नव्या कार्यालयाचे प्रमुख नेमले. जॅफी यांची योजना सोपी होती. मायदेशी निघालेल्या प्रत्येक सैनिकाने आधी लघवीचा नमुना द्यायचा. त्यात हेरॉइनची खूण सापडली तर विमानात न बसता उपचारासाठी मागे राहायचे. सैनिकांच्या तोंडी ती ‘ऑपरेशन गोल्डन फ्लो’ म्हणून रुळली.

रोज हजारो नमुने काचेवर फवारे मारून तपासणे अशक्य होते. कॅलिफोर्नियातल्या सिव्हा कंपनीने बनवलेले ‘फ्रॅट’ नावाचे यंत्र याच वेळी हाती आले. स्टॅनफर्डचे औषधशास्त्रज्ञ ॲव्हरम गोल्डस्टाइन यांचा त्या संशोधनात वाटा होता. मॉर्फीनला चिकटणारी प्रतिपिंडे आणि मुक्त मूलकाची खूण जोडलेले मॉर्फीन त्यात वापरले जाई. नमुन्यात मॉर्फीन असेल तर ते खुणेच्या मॉर्फीनला प्रतिपिंडावरून हटवते आणि यंत्रातला संदेश बदलतो. कॅम रान्ह बे आणि लाँग बिन्ह या तळांवर ही यंत्रे बसवली गेली. संशयित नमुना दुसऱ्या पद्धतीने पुन्हा तपासण्याचा शिरस्ताही पडला.

सेंट लुईसच्या समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी सप्टेंबर १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा पुढे पाठपुरावा केला. व्हिएतनाममध्ये व्यसन जडलेल्यांपैकी बहुतेकांचे व्यसन घरी आल्यावर पुन्हा सुरू झाले नाही. एकदा व्यसनी तो कायमचा व्यसनी, या समजाला त्यामुळे धक्का बसला. लघवीच्या अहवालावरून माणसाचे भवितव्य सांगता येत नाही, हेही त्यातून दिसले. मात्र मोठ्या जनसमूहाची एकगठ्ठा तपासणी करता येते, हा धडा सरकारने घेतला.

प्रतिपिंडांचे युग

रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिन मोजण्यासाठी प्रतिपिंड आणि किरणोत्सारी खूण यांची जोडी घातली होती. यॅलो यांना त्यासाठी १९७७ चे नोबेल मिळाले. सिडनी स्पेक्टर आणि चार्ल्स पार्कर यांनी १९७० मध्ये हीच कल्पना मॉर्फीनला लावली. मॉर्फीनचा रेणू इतका लहान असतो की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवत नाही; म्हणून तो प्रथिनाला जोडून प्राण्यांना टोचावा लागला. १९७२ मध्ये सिव्हाच्याच केनेथ रुबेनस्टाइन, रिचर्ड श्नायडर आणि एडविन उल्मन यांनी किरणोत्साराच्या जागी विकराची खूण वापरली. ‘एमिट’ या नावाने विकली गेलेली ही चाचणी साध्या प्रयोगशाळेतही काही मिनिटांत होऊ लागली.

आज औषधांच्या दुकानात मिळणारी पट्टी याच तत्त्वावर चालते. लघवीत मॉर्फीन नसेल तर पट्टीवरच्या चाचणीच्या जागी रेघ उमटते. मॉर्फीन पुरेसे असेल तर प्रतिपिंडे आधीच गुंतून पडतात आणि रेघ उमटत नाही. रेघ नाही म्हणजे पॉझिटिव्ह, हे न समजल्याने घरी पट्टी वापरणारे पुष्कळदा उलटा अर्थ लावतात.

प्रतिपिंड रेणूचा आकार ओळखते आणि त्यातूनच दोन प्रकारच्या चुका होतात. मॉर्फीनसाठीचे प्रतिपिंड कोडीनलाही धरते. पण मेथाडोन, फेंटानिल आणि ट्रॅमाडॉल यांची घडण वेगळी असल्याने ती सुटून जातात. ऑक्सिकोडोन मॉर्फीनचे जवळचे नातलग असूनही पुष्कळ चाचण्यांत नीट पकडले जात नाही. उलट क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन आणि लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखी प्रतिजैविके काही चाचण्यांत खोटा पॉझिटिव्ह निकाल देऊ शकतात.

चुका आणि नियम

२६ मे १९८१ रोजी अमेरिकी युद्धनौका निमिट्झवर विमान कोसळून १४ जण ठार झाले. मृतांपैकी काहींच्या शरीरात गांजाचे अंश आढळले आणि आरमाराने सर्रास तपासणी सुरू केली. खासगी कंपन्याही मागोमाग आल्या. प्रयोगशाळांची गुणवत्ता मात्र या मागणीला पुरी पडत नव्हती. २६२ मेथाडोन केंद्रांचे काम करणाऱ्या १३ प्रयोगशाळांना ओळख न देता मुद्दाम तयार केलेले नमुने पाठवून केलेली पाहणी १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. मॉर्फीन घातलेल्या नमुन्यांत चुकीचे प्रमाण प्रयोगशाळेगणिक ५ पासून १०० टक्क्यांपर्यंत होते. मॉर्फीन नसलेल्या नमुन्यांतही काही प्रयोगशाळांना ते सापडले. तिथे चुकीचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत गेले.

१५ सप्टेंबर १९८६ रोजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी सरकारी कचेऱ्या अमली पदार्थमुक्त करण्याचा आदेश काढला. तो अमलात आणताना प्रयोगशाळांना शिस्त लावणे भाग पडले. ११ एप्रिल १९८८ च्या सक्तीच्या मार्गदर्शक नियमांनी आजची चौकट घातली. पहिली चाचणी प्रतिपिंडांची. त्यात पॉझिटिव्ह आलेला नमुना गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री यांच्या जोडयंत्रावर पक्का करायचा. नमुना कोणाकडून कोणाकडे गेला याची सहीनिशी नोंद ठेवायची. आणि निकाल मालकाला कळवण्याआधी एका डॉक्टरने संबंधिताशी बोलून औषधाची चिठ्ठी आहे का, हे पाहायचे.

या जोडयंत्राची कल्पना १९५० च्या दशकात डाऊ केमिकलमध्ये रोलंड गोल्के आणि फ्रेड मॅकलॅफर्टी यांनी प्रत्यक्षात आणली होती. आधी लघवीतल्या मॉर्फीनला जोडलेले ग्लुकुरोनिक आम्ल तोडतात, मग मॉर्फीन वेगळे काढून सहज वाफ होईल अशा रूपात बदलतात. लांब, केसासारख्या नळीतून वाफ जाताना द्रव्ये वेगळी होतात. शेवटी इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने रेणूचे तुकडे पडतात आणि त्यांचे वस्तुमान मोजले जाते. विशिष्ट वेळेला आलेले विशिष्ट तुकडे, विशिष्ट प्रमाणात, असे तिहेरी जुळणे अपघाताने होणे फार कठीण. ब्युकॅनन खटल्यातल्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले ते इथे.

घटनात्मक बाजूने अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च १९८९ रोजी दोन निकाल दिले. रेल्वे अपघातानंतर कर्मचाऱ्यांची तपासणी सात विरुद्ध दोन मतांनी आणि सीमाशुल्क खात्यातल्या ठरावीक जागांसाठीची तपासणी पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरली. लघवी घेणे ही झडतीच आहे, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र सुरक्षिततेच्या कारणासाठी अशी झडती वॉरंटविना घेता येते, असे ठरवले.

खसखशीचा पेच

यंत्र निर्दोष ठरल्यावर वेगळीच अडचण पुढे आली. खसखस ही अफूच्याच बोंडातली बी. बीमध्ये स्वतःचे मॉर्फीन जवळपास नसते, पण बोंड फोडताना त्याचा चीक बियांना लागतो. खसखस घातलेला पाव किंवा केक खाणाऱ्याच्या लघवीत खरोखरच मॉर्फीन येते. यंत्र खोटे बोलत नसते. १९८८ च्या नियमांत पहिल्या चाचणीची मर्यादा एका मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅम होती आणि ती अशा खाण्यानेही ओलांडली जाई. अफूवर्गातल्या बहुतेक पॉझिटिव्ह निकालांचा उलगडा औषधाने किंवा आहाराने होऊ लागला, तेव्हा १९९८ च्या अखेरीस ही मर्यादा २,००० नॅनोग्रॅमवर नेण्यात आली. त्याबरोबर ६-मोनोॲसिटिलमॉर्फीनची तपासणीही जोडली गेली. हे द्रव्य खसखशीतून किंवा कोडीनमधून होत नाही. ते सापडले तर हेरॉइनच घेतलेले असते. अडचण एवढीच की ते लघवीत एखादा दिवसही टिकत नाही. २०१० पासून अमेरिकी सरकारी तपासणीत त्याची स्वतंत्र पहिली चाचणी होते.

मर्यादा वाढवूनही पेच पुरता सुटला नाही. काही खसखशीत कोडीन अधिक आढळल्याने अमेरिकी संरक्षण खात्याने फेब्रुवारी २०२३ मध्ये सैनिकांना खसखस टाळण्याची सूचना दिली. अनारशांवर आणि वाटणात खसखस वापरणाऱ्या मराठी घरांनाही याची झळ पोहोचू शकते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यास बंदी आहे, त्यामुळे तिथे नोकरीला निघालेल्यांनी दिवाळीच्या फराळात ती नसल्याची खात्री करून घ्यावी लागते.

फसवणूक आणि नवी द्रव्ये

तपासणीवर नोकरी अवलंबून राहू लागली तशी ती चुकवण्याची साधनेही विकली जाऊ लागली. कोणी दुसऱ्याची लघवी आणी, कोणी पाणी मिसळी, तर कोणी नायट्राइट किंवा क्रोमियमची संयुगे घालून नमुन्यातले द्रव्य नष्ट करू पाही. म्हणून नमुना दिल्यावर चार मिनिटांच्या आत त्याचे तापमान पाहतात. ते ३२ ते ३८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे लागते. क्रिएटिनीन आणि विशिष्ट गुरुत्व दोन्ही कमी असतील तर नमुना पातळ केलेला समजतात. आम्लता आणि ऑक्सिडीकारक द्रव्येही तपासतात.

दुसरीकडे बाजारातली द्रव्ये बदलत गेली. १९९० च्या दशकापासून अमेरिकेत ऑक्सिकोडोनसारख्या वेदनाशामक गोळ्यांचा सुळसुळाट झाला, तरी सरकारी तपासणीच्या यादीत ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन यांचा समावेश १ ऑक्टोबर २०१७ रोजी झाला. बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांनी १९६० च्या सुमारास बनवलेले फेंटानिल मृत्यूंचे मुख्य कारण ठरून बरीच वर्षे लोटली, तेव्हा २०२५ मध्ये ते यादीत आले. त्याचे प्रमाण फारच कमी असल्याने मर्यादा एका नॅनोग्रॅमवर ठेवावी लागली. इतके सूक्ष्म मापन आता द्रव क्रोमॅटोग्राफी आणि दुहेरी मास स्पेक्ट्रोमेट्री यांच्या जोडीने होते. मात्र यादीत नसलेले द्रव्य सहसा शोधलेच जात नाही, ही उणीव कायम आहे.

भारतातली स्थिती

भारतात अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा १९८५ मध्ये आला. मुंबई-पुण्यात गर्दचा, म्हणजे अशुद्ध हेरॉइनचा, विळखा पडला तोही याच दशकात. पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. कायद्याचा भर जप्त मालावर असला, तरी कलम २७ नुसार सेवन हाही गुन्हा आहे. उपचार घ्यायला तयार असलेल्या व्यसनी माणसाला कलम ६४अ खाली संरक्षण मिळू शकते. महाराष्ट्रात संशयितांचे रक्त-लघवीचे नमुने पोलीस न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांकडे पाठवतात. गाझियाबादमधले एम्सचे राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्र हीच तपासणी उपचारांसाठी वापरते.

जुलै २०१८ मध्ये पंजाब सरकारने आपल्या सर्व कर्मचाऱ्यांची डोप टेस्ट करण्याचा आदेश काढला आणि देशभर वाद झाला. त्याच वर्षी केंद्राने ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक एनडीपीएसच्या कक्षेत आणले. मॉर्फीनसाठीच्या पट्टीवर हे ट्रॅमाडॉल दिसत नाही. क्षयाच्या उपचारात रिफाम्पिसिन घेणारा निर्व्यसनी माणूस मात्र काही चाचण्यांत पॉझिटिव्ह येऊ शकतो. क्षयाचे सर्वाधिक रुग्ण असलेल्या देशात ही शक्यता किरकोळ म्हणता येत नाही.

पट्टीवरचा निकाल संशयापुरता धरावा आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने तो पक्का झाल्याखेरीज कोणाची नोकरी, परवाना किंवा स्वातंत्र्य काढून घेऊ नये, हा या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष आहे. पक्क्या निकालानेही एवढेच ठरते की अमुक द्रव्य गेल्या काही दिवसांत शरीरात होते. ते किती घेतले, कशासाठी घेतले, तपासणीच्या वेळी नशा होती का आणि माणूस व्यसनी आहे का, यांची उत्तरे लघवीत सापडत नाहीत. ती चौकशीने आणि वैद्यकीय तपासणीनेच मिळवावी लागतात.